गेरूच्या पट्टीवरचे नाव

शब्दाचा अर्थ मुलांना सांगायचा नाही, त्यांना वाक्य द्यायचे, हा नियम मी ट्रेनिंग कॉलेजातून बरोबर घेऊन आले होते. 'तट म्हणजे किनारा' असे सांगितले की मूल एका अनोळखी शब्दाच्या शेजारी दुसरा अनोळखी शब्द ठेवते आणि दोन्ही पाठ करते. तोच शब्द चार वाक्यांतून त्याच्या कानांवरून गेला, की एके दिवशी ते स्वतःच तो वापरते, आणि आपल्याला तो केव्हा आला हे त्यालाही आठवत नाही. शिकवण्याची याहून प्रामाणिक रीत मला आजही ठाऊक नाही.

माझी नेमणूक झाली ती थळच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यात. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षे झाली होती. मी पालीकडच्या भातशेतीच्या गावात वाढलेली. समुद्र मी पाहिला होता, पण त्याच्या शेजारी राहिले नव्हते. लोकल बोर्डाची ती शाळा गावदेवीच्या देवळाच्या सभामंडपात भरत असे. मंडपाला तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असत. बायका ते टांगत, उतरवत, कावळे हाकत आणि आमची शाळा ऐकत. मी एखाद्या मुलाला प्रश्न विचारला आणि तो अडला, तर उत्तर कधी कधी भिंतीपलीकडून येई.

पहिली ते चौथी असे चार वर्ग होते आणि शिक्षिका मी एकटी. चारही वर्गांना एकाच वेळी काम मिळावे म्हणून मी वाक्यपट्ट्या तयार केल्या. गावातल्या दुकानदाराकडून चहाच्या खोक्यांचे आणि साबणाच्या डब्यांचे पुठ्ठे मागून आणायचे, ते वीतभर रुंद कापायचे आणि प्रत्येक शब्दासाठी तीन पट्ट्या लिहायच्या. पहिली पांढरी, दोन-तीन शब्दांची. दुसरी हळदीने रंगवलेली. तिच्यात 'की', 'म्हणून', 'पण' असा एखादा जोडणारा शब्द असे. तिसरी गेरूची, चौथीच्या मुलांसाठी. तिच्यातले वाक्य एका श्वासात संपत नसे. 'ओहोटी' हा शब्द घेतला तर पांढऱ्या पट्टीवर 'ओहोटी लागली' एवढेच. हळदीच्या पट्टीवर 'ओहोटी लागली की होडी वाळूत रुतते'. आणि गेरूच्या पट्टीवर 'ओहोटी लागायच्या आत होडी बाहेर काढली नाही, तर सबंध दिवस काठावर बसून काढावा लागतो, हे त्याला ठाऊक असूनही तो झोपून राहिला'. पहिलीचे मूल पांढरी पट्टी वाचत असताना शेजारी बसलेल्या मोठ्या बहिणीची गेरूची पट्टी त्याच्या कानावर पडे, आणि पुढची पायरी कशी आहे याची चाहूल त्याला आधीच लागे.

या वाक्यांत वावरायला मला एक माणूस हवा होता. दर वाक्यात नवा माणूस आणला तर मुलांचे लक्ष त्या माणसात अडकते आणि शब्द बाजूला राहतो. म्हणून सगळ्या पट्ट्यांवर मी एकच नाव घातले. ते फार विचार करून निवडले होते: तीन सरळ अक्षरे, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही; पहिलीतल्या मुलालाही दिवाळीच्या आत वाचता यावे असे. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्याच्या जागी 'अमका' म्हणते. का, ते पुढे कळेल.

अमका मुलांना फार आवडला. तो बाजारात जाई, चिखलात पडे, त्याला ताप येई, त्याची चप्पल भरतीबरोबर वाहून जाई. सकाळी मी मंडपात पाऊल ठेवले की पहिलीची मुले विचारत, "बाई, आज अमका काय करतो?" भिंतीपलीकडच्या बायकांनाही तो ओळखीचा झाला होता. एखादीचा मुलगा उशिरा उठला, तर ती त्याला "झाला बघ बाईंचा अमका" म्हणून हिणवी.

चौथीत एकच मुलगी उरली होती. बाकीच्या मुली दुसरी-तिसरीतून मासळीच्या टोपल्यांकडे वळल्या होत्या. हिला अकरा वर्षे पुरी झाली असावीत. आईबरोबर बाजारात बसून तिचा आवाज असा मोकळा झाला होता, की ती वाचायला लागली म्हणजे शेवटच्या रांगेतल्या मुलाला कान टवकारावे लागत नसत. गेरूच्या पट्ट्या ती नुसत्या वाचत नसे, नवी वाक्येही करून दाखवी. तिने पाचवीला जावे, पुढे सातवीची परीक्षा द्यावी, असे माझ्या मनात होते. पाचवीचा वर्ग आमच्याकडे नव्हता. त्यासाठी पुळणीने, किनाऱ्याच्या वाळूतून, चालत पलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत जावे लागे. तिची तयारी होती. तशी ती मला म्हणालीही होती.

दिवाळीची सुटी संपवून ती शाळेत आली तेव्हा तिच्या हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या सणाच्या असतील असे मी समजले.

त्या दिवशी मी तिला गेरूची पट्टी दिली. शब्द 'मीठ' होता. तिने वाचले: "बाजारातून मीठ आणायला विसरला, म्हणून त्याच्या आईने त्याला पुन्हा पाठवले." पट्टीवरचा पहिला शब्द तिने वाचलाच नव्हता. मला वाटले, नजरचूक. पुन्हा वाचायला सांगितले. तिने पुन्हा तसेच वाचले, पहिला शब्द वगळून, जणू तिथे पुठ्ठा कोराच आहे.

मी हळदीची पट्टी दिली. तिथेही अमका गाळला गेला. मग मी पहिलीच्या मुलाच्या हातातली पांढरी पट्टी घेतली. तिच्यावर दोनच शब्द होते: 'अमका आला'.

तिने वाचले, "आला."

मुले हसली. तिचे कान लाल झाले होते. मी मात्र धास्तावले. गेरूच्या पट्ट्या घडाघडा वाचणारी मुलगी पांढरी पट्टी वाचू शकत नाही, हे मी कधी पाहिले नव्हते. डोळ्यांचा दोष असेल का, मोठ्या तापानंतर असे होते का, असे विचार मनात येऊन गेले. आमची रीत अशी, की अडचण कुठे आहे ते आधी नक्की करायचे. मी फळ्यावर त्या नावातले पहिले अक्षर घेऊन दुसरा शब्द लिहिला, तिने वाचला. दुसरे अक्षर घेऊन लिहिला; वाचला. तिसऱ्याचाही वाचला. मग तीन अक्षरे सुटी सुटी लिहिली. ती तिने एकेक करून वाचली. शेवटी मी ती जोडून लिहिली आणि खडू त्यांच्याखाली धरला. ती खाली मान घालून उभी राहिली.

मागच्या रांगेतून कोणीतरी लग्नघरातल्या बायकांच्या सुरात म्हणाले, "घे की गं, नाव घे." सगळा मंडप हसला. भिंतीपलीकडच्या बायकाही हसल्या, पण त्यांचे हसणे लवकर थांबले.

पहिलीतली एक मुलगी माझ्या पदराशी आली. सहा वर्षांची, समोरचे दात पडलेली. मोठ्या माणसाला एखादी साधी गोष्ट समजत नाही याचा कंटाळा तिच्या चेहऱ्यावर होता.

"बाई, तिची सुपारी फुटली. तो तिचा नवरा व्हनार हाय. ती कशी घेल त्याचं नाव?"

खडू माझ्या हातातच राहिला. हसू ओसरले होते, आणि सगळी मुले माझ्याकडे पाहत होती. मला काय समजले आणि काय नाही, हे ती माझ्या चेहऱ्यावर वाचत होती. मला एवढेच समजले होते, की अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आहे, ते वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक आहे, आणि मला नाही. त्यातच ते नाव. सोप्या अक्षरांसाठी मी शेकडो नावांतून एक उचलले होते, आणि ते खाडीपलीकडच्या मचव्यावर काम करणाऱ्या, मिसरूड फुटून काही वर्षे झालेल्या एका माणसाचे निघाले. चांगले नाव होते. कोणाचेही असू शकले असते. मी फळा पुसला आणि पाढे म्हणायला सांगितले. पाढे म्हणताना त्यांचे सूर नेहमीसारखेच लागले, याचाही मला धक्का बसला.

शाळा सुटल्यावर ती चटया गुंडाळायला मागे थांबली. हे काम तिने स्वतःकडे घेतले होते. मी तिला जवळ बसवून शांतपणे समजावले. पट्टीवरचा माणूस वेगळा. तो कागदावरचा आहे. ती नुसती तीन अक्षरे आहेत आणि अक्षरे वाचल्याने कोणाचे काही वाईट होत नाही. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, ही जुनी समजूत आहे. तिच्यात तथ्य नाही. मी बराच वेळ बोलले. मग चटईची सुतळी बांधता बांधता ती म्हणाली, "बाई, तुमचे मालक मुंबईला असतात ना?"

मी हो म्हटले. माझे यजमान तिथे एका छापखान्यात कामाला होते आणि महिन्याकाठी लाँचने येत.

"त्यांचं नाव काय?"

मी तोंड उघडले. खोटे सांगत नाही, मी ते खरोखर उघडले. लग्नाला सहा वर्षे झाली होती. सरकारी कागदांवर ते नाव मी वळणदार अक्षरात कितीदा लिहिले होते. लग्नात ते उखाण्यात गुंफून घेतले होते. त्यानंतर ते माझ्या तोंडून बाहेर पडले नव्हते, आणि आतापर्यंत मला ते कळलेही नव्हते. मी उगीच पट्ट्या नीट लावू लागले.

"बघा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एक चटई उचलून तिने दुसरीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिचे वडील अंगणात जाळे विणत बसले होते. स्वतःची होडी असलेला, मोजके बोलणारा माणूस. त्यांनी मला पाट दिला आणि माझे सगळे ऐकून घेतले. मुलगी हुशार आहे, ते म्हणाले, पत्र वाचते, भाव सांगते. तिकडच्या लोकांना तेवढेच हवे आहे. लग्न वैशाखात. मी कायद्याची गोष्ट काढली, तेव्हा त्यांनी जाळ्यावरून नजर न उचलता सांगितले की कायदा खाडी ओलांडून क्वचितच येतो. त्यांनी शब्द दिला होता आणि खाडीपलीकडच्या त्या घराशी त्यांचा दर्यावरचा सहारा होता. वादळात एकमेकांच्या होड्या ओढून आणणारी ती माणसे. एवढे मात्र त्यांनी कबूल केले, की शाळेची वार्षिक तपासणी होईपर्यंत ती शाळेत येईल. चौथी पास झाल्याचा शेरा घेऊन ती सासरी जाईल.

तिची आई सगळा वेळ दारात बसून कोलंबी सोलत होती. ती एक शब्दही बोलली नाही. मी ती संमती धरली.

परत आल्यावर मी एकच करू शकत होते. पुढच्या रविवारांत मी सगळ्या पट्ट्या नव्याने लिहिल्या. अमक्याच्या जागी 'एक माणूस' आला, 'एक मुलगा' आला, कधी 'आजोबा'. नव्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि जुन्या पत्र्याच्या पेटीत तळाशी घातल्या. मुलांनी लगेच विचारले, अमका कुठे गेला. एका मुलाने विचारले, मेला काय; आणि पहिलीतली ती दात पडलेली मुलगी रडायला लागली. तो मुंबईला कामाला गेला, असे सांगून मी वेळ मारून नेली. मुंबईला गेलेल्या माणसाबद्दल त्या गावात कोणी जास्त विचारत नसे.

ती मात्र पुन्हा पहिल्यासारखी वाचू लागली. 'एक माणूस' तिला अडवत नव्हता. प्रश्न सुटला असे मला वाटले. वाचनाचा प्रश्न सुटला होता, एवढेच. वैशाख येणारच होता.

तपासणीचा दिवस फाल्गुन संपता संपता आला. गावातले लोक तपासनीस साहेबांना 'दिपोटी' म्हणत. दिपोटी येणार म्हणून मंडप शेणाने सारवला होता, मुलांच्या डोक्यांवर तेल थापले होते आणि कमरेएवढ्या भिंतीला टेकून निम्मा गाव उभा होता. मंडपाच्या पायरीवर, सगळ्यांत पुढे, एक अनोळखी बाई बसली होती. रुंद चणीची, नाकात मोठी नथ, शेजारी रिकामी टोपली. सकाळची मासळी विकून ती तरीने, खाडी उतरवणाऱ्या होडीने, अलीकडे आली होती. ती खाडीपलीकडच्या त्या नवऱ्यामुलाची आई आहे आणि लग्नाचा दिवस पक्का करायला आली आहे, असे मला कोणीतरी हळूच सांगितले. सून कशी वाचते ते पाहू, म्हणून ती थांबली होती. मुलीची आई तिच्या मागे उभी होती.

साहेब वयस्क आणि सौम्य होते. पट्ट्या पाहून ते खूश झाले. पांढरी, हळदीची, गेरूची, अशी रचना मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी लहान मुलांकडून वाचून घेतले, दोघांची पाठ थोपटली. मग चौथीच्या मुलीला पुढे बोलावले आणि म्हणाले, "मी देणार नाही. तुला आवडेल ती पट्टी तूच काढ आणि वाच."

टेबल तिच्यासमोर होते. त्यावर तीन रंगांच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या. ती टेबलाला वळसा घालून पुढे गेली, भिंतीशी ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीपाशी वाकली आणि तिने झाकण उघडले. पेटीच्या कड्यांचा आवाज झाला. काय होते आहे हे मला समजत होते, तरीही मी जागची हलले नाही. तिने वरच्या गोष्टी बाजूला करून तळातून एक गेरूची पट्टी ओढली, तिच्यावरची धूळ परकराला पुसली आणि साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"अमका," तिने वाचले.

आणि थांबली. श्वास घेण्यापुरतीच थांबली. बाजारात भाव पुकारते तोच तिचा आवाज होता. मग पुढे: "सगळा जोर लावून वल्ही मारत होता, पण दोर सोडायलाच विसरल्यामुळे होडी जागची हलत नव्हती."

सारवलेल्या जमिनीवर एक टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, असे लिहितात. त्या दिवशी मला सुकलेल्या बोंबलांचा खुळखुळाट ऐकू येत होता. मुलांपैकी कोणी हसले नाही. लग्नाच्या सुरात कोणी काही म्हणाले नाही.

साहेबांना वाक्य आवडले होते. "छान," ते म्हणाले. "पुन्हा एकदा, जरा सावकाश."

तिने पुन्हा वाचले. नाव पहिल्याइतकेच स्पष्ट.

"आता कर्ता कोणता, तेवढाच सांग पाहू."

"अमका," ती म्हणाली.

पायरीवरची बाई उठली. तिने लुगड्याला लागलेले शेण झटकले, टोपली उचलली आणि कोणाकडेही न पाहता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली, "बरी शाळा हाय. अजून उंबरा वलांडला न्हाय तं माझ्या पोराला हाका मारते. उद्या ताटावर बी नावानंच बोलवल." मग मागे वळून मुलीच्या आईला म्हणाली, "पोर तुमची तुमालाच ठेवा, बाय. आमाला आमचा पोर जगवायचा हाय."

आणि ती तरीच्या वाटेने निघून गेली. गर्दीने तिला वाट करून दिली. मुलीचे वडील भिंतीच्या कोपऱ्याशी उभे होते. त्यांचा चेहरा मला पाहवला नाही, पण मी पाहिला. तेही निघून गेले, दुसऱ्या बाजूने.

साहेबांनी मला विचारले, त्या बाई कोण होत्या आणि काय म्हणत होत्या. मी सांगितले, त्या पलीकडच्या गावच्या, ओहोटी लागायच्या आत त्यांना परतीची तर गाठायची आहे. ते समाधानाने मान हलवत शेरा लिहायला बसले. त्या मंडपात काय घडले हे ठाऊक नसलेला तो एकच माणूस होता, आणि त्याने लिहिले, 'चौथीच्या विद्यार्थिनीचे वाचन निर्भय. उच्चार स्पष्ट.' मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून ते वाचले.

ती चटया गुंडाळायला थांबली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. वडिलांनी तिला घरात बसवले होते, असे मुलांकडून समजले. सुपारीचे लुगडे परत गेले. दर्यावरचा सहारा तुटतो की काय, या काळजीत पुरुष होते. आणि हे सगळे बाईंच्या पट्टीमुळे झाले, असेही बोलले जात होते. ते खोटे नव्हते.

आठवडाभराने तिची आई माझ्या खोलीवर आली. तिच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली कोलंबी होती. ती उंबऱ्यावर बसली. ती रागावून आली असेल असे समजून मी शब्द जुळवत होते. मुलीने अविचाराने केले, परीक्षेच्या भरात तिच्या ध्यानात आले नसेल, असे काहीतरी मी म्हणाले.

"अविचारानं कशाला?" ती म्हणाली. "मी सांगितलं तिला."

"तुम्ही सांगितलं?" मी विचारले.

"तोंडानं न्हाय म्हनायची सोय आपल्याला कुठं हाय, बाई? बापानं शब्द दिला, तो मी मोडू का पोरीनं मोडू? पन नाव घेतलं की आपोआप मोडतं. तिकडचीच मानसं मोडतात. शब्द त्यांनी मोडला, आमी न्हाय." तिने पानाची घडी सोडली. "कदी घ्यायचं तेवढंच ठरवायचं होतं. दिपोटी असला तर कोन मारत न्हाय."

त्या दुपारी तिच्या अंगणात पाटावर बसून मी कायदा सांगत होते, तेव्हा ती कोलंबी सोलत होती. मी गप्प बसणाऱ्या माणसाच्या मनातले वाचायला शिकले नव्हते, हे मला तिथे उंबऱ्यासमोर उभे असताना कळले. तिचे स्वतःचे लग्न केव्हा झाले, असे मी विचारले. "हिच्याएवढी होते," ती म्हणाली. "मला कोनी सांगितलं न्हाय."

वडिलांचा राग पावसाळा लागेपर्यंत टिकला. तोवर खाडीपलीकडच्या त्या मुलासाठी दुसरी मुलगी मिळाली होती. एका वाऱ्याच्या दिवशी त्याच घरच्या मचव्याने यांची होडी ओढून आणली, आणि सहारा तुटलेला नाही हे सगळ्यांना समजले. मग एकदा ते मला देवळासमोर भेटले आणि पाचवीच्या शाळेत नाव घालायला काय काय लागते, एवढेच त्यांनी विचारले. मी सांगितले. ते मान हलवून गेले.

यजमान लाँचने आले तेव्हा मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. सांगताना त्या मुलाचे नाव मी सहज, दहादा घेतले. ते लक्ष देऊन ऐकत होते. हकिकत संपल्यावर हसून म्हणाले, "त्याचं झालं. आता माझं घेऊन दाखव." मी उठले आणि त्यांचे ताट वाढायला घेतले. ते काही वेळ वाट पाहत होते, आणि मग जेवायला बसले.

ती पुळणीने चालत पाचवीला जाऊ लागली. रविवारी कधी कधी ती माझ्या खोलीत येई आणि मी नव्या पट्ट्या लिहीत असले तर गेरू कालवून देई. एकदा पट्ट्या चाळता चाळता तिने विचारले, की सगळीकडे 'एक माणूस', 'एक माणूस' असेच का आहे; असल्या माणसाला लहान मुले ओळखणार कशी. मी म्हटले, तुझ्यामुळेच ते नाव काढले होते.

तिने कुंचला वाटीत ठेवला.

"मग आता घाला परत," ती म्हणाली. "आता तो कोन लागतो माझा?"

मी पेटी उघडली. तळाशी सगळ्या जुन्या पट्ट्या होत्या. आम्ही दोघींनी त्या बाहेर काढल्या, पुसल्या आणि सोमवारी सकाळी टेबलावर मांडल्या. पहिलीतून दुसरीत गेलेली ती मुलगी, जिचे दात आता आले होते, पट्टी उचलून ओरडली की अमका मुंबईहून आला.